माझ्या सोयीचं पिल्लू

माल्टिपू घ्यायचा असं मनात आलं तेव्हा माझ्याकडे कारणांची कमी नव्हती. त्याचे केस गळत नाहीत, अंगाला वास येत नाही, तो लहानखुरा असतो, फ्लॅटमध्ये मावतो. शिवाय ह्यांना कुत्र्याजवळ गेलं की ज्या शिंका सुरू होतात, त्या माल्टिपूमुळे येत नाहीत. हे शेवटचं कारण मला हुकमी वाटत होतं, कारण घरातला सगळा विरोध त्या शिंकांवरच उभा होता. माल्टीज आणि पूडल यांच्या संकराचा हा कुत्रा इंदूरमध्ये अलीकडे बराच दिसतो. आम्ही भंवरकुआंजवळ विष्णुपुरीत राहतो. संध्याकाळी बाहेर पडलं की बदामी रंगाचं, कुरळ्या केसांचं एखादं पिल्लू हमखास समोर येतं आणि कोचिंगची पोरंपोरी त्याच्याभोवती गोळा झालेली असतात.

पैसे मोजण्याआधी मात्र थांबले. पूडलचा लहान संकर बारा ते पंधरा वर्षं जगतो. मी आज बावन्न वर्षांची आहे. म्हणजे माझी निवृत्ती, माझे गुडघे आणि त्याचं म्हातारपण एकाच वेळी येणार. एवढा काळ ज्याच्याबरोबर काढायचा, त्याच्यासाठी केलेली कारणांची यादी पुन्हा नीट पाहिली, तर कुत्र्याला काय लागतं याचा तिच्यात एक शब्द नव्हता. सगळं मला काय नको याबद्दल होतं. केस नकोत, वास नको, शिंका नकोत, पसारा नको.

पूडलचे संकर अमेरिकेत फार आधीपासून होते, कॉकापू त्यातलाच. पण त्यांची जगभर हवा झाली ती १९८९ नंतर, ऑस्ट्रेलियातल्या लॅब्राडूडलमुळे. वॉली कॉनरन हे तिथल्या रॉयल गाइड डॉग असोसिएशनमध्ये पैदाशीचं काम बघत. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंनी वाटाड्या कुत्रा मागितला होता. अडचण एकच होती, त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी होती. कॉनरननी आधी नुसते पूडल शिकवून पाहिले, ते त्या कामाला उतरेनात. मग लॅब्राडोर मादीला पूडल लावला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवून त्या नवऱ्यावर तपासली, तेव्हा एकच पिल्लू चाललं. उरलेल्या पिल्लांना सांभाळायला घर मिळेना, कारण संकरित कुत्रं कोणालाच नको होतं. तेव्हा ‘लॅब्राडूडल’ हे नाव काढून बातमी दिली गेली आणि मागणी थांबेना. पुढे कॉनरननी या सगळ्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पैशासाठी कसेही संकर करणाऱ्यांना आपण वाट मोकळी करून दिली, याचा त्यांना त्रास होत होता.

ही हकीकत वाचताना मी नवऱ्याच्या अ‍ॅलर्जीपाशी अडकले, कारण ती आमच्याही घरी आहे. तेवढ्यावरून त्या बाईंच्या रांगेत जाऊन उभं राहणं सोपं होतं. पण त्यांना घराबाहेर पाऊल टाकायला कुत्रा हवा होता. आणि तिथे कोणी नावावर विसंबून राहिलं नव्हतं, केस आणि लाळ समुद्रापलीकडे पाठवून खात्री करून घेतली होती. एकाच वेतातल्या तीन भावंडांपैकी दोन त्या चाचणीत नापास झाली होती. मी मात्र मोबाइलवरचा फोटो पाहून ह्यांना सांगून मोकळी झाले होते, “तुम्हाला काही होणार नाही.” कशाच्या जोरावर सांगितलं?

मग या शिंकांचं मूळ समजून घेतलं. शिंका खरं तर केसांनी येत नाहीत. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात, मुतात काही प्रथिनं असतात, त्यांतलं मुख्य ‘कॅन एफ १’. कुत्रा अंग चाटतो, ते केसांना लागतं, वाळतं आणि हवेत मिसळतं. केस गळोत न गळोत, लाळ आणि कोंडा असतोच. २०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लॅब्राडूडल, पूडल अशा ‘अ‍ॅलर्जी न होणाऱ्या’ म्हणून नावाजलेल्या कुत्र्यांचे केस तपासले. इतर कुत्र्यांपेक्षा त्यांच्या केसांत हे प्रथिन जास्तच निघालं. लॅब्राडूडलच्या घरातल्या जमिनीवरच्या धुळीत ते थोडं कमी होतं, हवेत मात्र फरक नव्हता. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासातही अशा जातींच्या घरांत आणि इतर कुत्र्यांच्या घरांत फरक सापडला नव्हता. एखाद्या माणसाला एखादा कुत्रा सोसतो, हे खरं आहे. पण तो त्या कुत्र्याचा आणि त्या माणसाचा मामला असतो, जातीची हमी नसते.

हे कळलं आणि मला आमच्या फाटकाजवळची तांबूस कुत्री आठवली. तिच्या डाव्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली. होस्टेलची मुलं तिला बिस्किटं घालतात. परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत चहाच्या टपरीवर जाग असते, तेव्हा ती त्यांच्या सोबतीनेच परत येते. मुलगी पुण्याला जाण्याआधी एकदा म्हणाली होती, “आई, हिलाच घेऊया ना घरात.” मी लगेच म्हणाले, “बाबांना शिंका येतात, माहीत आहे ना?” विषय तिथेच संपला. मला तेव्हा ते कारण खरंच वाटलं होतं, आणि खोटं ते आजही नाही. पण तेच कारण माल्टिपूलाही तितकंच लागू आहे. मी ते एकीला लावलं आणि दुसऱ्याला माफ केलं.

मग ही माफी कशासाठी होती? मनाला हे विचारलं तेव्हा उत्तर लगेच आलं, फक्त ते ऐकायला नको वाटलं. ते पिल्लू दिसायला गोड आहे. रस्त्यात लोक थांबून चौकशी करतील. मुलीला फोटो पाठवले की ती ते मैत्रिणींना दाखवेल. घरात काहीतरी नवं, छान, महागाचं आलं असं सगळ्यांना वाटेल. सौंदर्याची ओढ वाटणं हा गुन्हा नाही आणि मला ती लपवायचीही नाही. पण तिला ह्यांच्या प्रकृतीच्या काळजीचं नाव देणं मला आता जमणार नाही. ज्या माणसाची काळजी म्हणून मी एका कुत्रीला नाही म्हटलं, त्याच माणसाला मी न तपासता दुसऱ्या कुत्र्याच्या स्वाधीन करायला निघाले होते.

याचा अर्थ तिला उचलून दुसऱ्या मजल्यावर आणलं की हिशेब चुकता झाला, असं मला वाटत नाही. ती मोठी झालेली कुत्री आहे. गल्ली तिची आहे, सोबती तिचे आहेत, दार बंद झाल्यावर ती सुखी राहील की नाही हे कोणी सांगावं. तिच्या रेबीजच्या लशीची जबाबदारी मी घेतली आहे, कारण तेवढं मला निश्चित जमतं. चांगुलपणा मिरवण्यासाठी तिला घरात आणणं हेही शेवटी माझ्याच सोयीचं झालं असतं.

केसांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. माझ्या एका सहकारी मैत्रिणीकडे माल्टिपू आहे. एका रविवारी तिला म्हटलं, आज तू बस, मी विंचरते. पिल्लू मांडीवर घेतलं आणि पाठीवरून ब्रश फिरवला. वरून सगळं मऊ, मोकळं. ती म्हणाली, “वरवर नको, कातडी दिसली पाहिजे.” डाव्या हाताने केस वर धरायचे, खाली कातडीची गुलाबी रेघ दिसेपर्यंत भांग पाडायचा, तेवढ्याच केसांतून वाकड्या तारांचा चपटा ब्रश फिरवायचा, मग पुढची रेघ. शेवटी स्टीलची बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत अडखळल्याशिवाय गेली पाहिजे. पाठ झाली, पाय झाले. कानामागे फणी थांबली. बोटांनी चाचपलं तर वरच्या मोकळ्या केसांखाली, कातडीला लागून, एक चपटी गाठ होती, नमद्यासारखी घट्ट दाबलेली. ओढलं तसं त्याने माझ्या हाताकडे मान वळवली, चावला नाही, फक्त ओठ चाटले. मैत्रिणीने गाठीच्या मुळाशी दोन बोटं धरली, म्हणजे ओढ कातडीवर येत नाही, आणि टोकाकडून एकेक केस सोडवत आली. काखेत, मांड्यांच्या आत, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी, सगळीकडे हेच.

केस गळत नाहीत म्हणजे काय होतं, ते मला तिथे समजलं. केस सुटतातच, पण जमिनीवर पडण्याऐवजी शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून अंगावरच राहतात. झाडूचं काम फणीकडे जातं, एवढाच फरक. हे सुटलेले केस न काढता आंघोळ घातली तर गाठी आणखी आवळतात. सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येतात, तेव्हा रोज बसावं लागतं. दर महिना-दीड महिन्याने केस कापून आणावे लागतात, तो खर्च आयुष्यभराचा. ज्यांना हे जमत नाही त्यांचा कुत्रा एक दिवस ग्रूमरच्या टेबलावर उभा राहतो आणि अंगावरचा सगळा गुंता मशीनने कातडीलगत काढावा लागतो. गुंत्याखाली कातडी ओलसर राहून लाल झालेली असते, कधी गोचीड निघते, कधी चिघळलेली जखम. कुत्रा बिचारा सांगत नाही की माझी कातडी महिनाभर ओढली जाते आहे. लोंबत्या कानांत केस आणि पावसाळ्यातली ओल यांमुळे कान सुजतात ते वेगळंच. मी माझ्या हातांकडे पाहिलं. हिवाळ्यात सकाळी ही बोटं आत्ताच आखडतात.

फोटोतलं पिल्लू मोठं झाल्यावर कसं दिसेल हेही कोणी सांगू शकत नाही. कुत्र्याचे केस कुरळे की सरळ, लांब की आखूड, तोंडावर दाढीमिशा की नाही, हे मुख्यतः तीन जनुकांवर ठरतं, असं २००९ साली संशोधकांनी दाखवून दिलं. आईबापांकडून कोणाला काय मिळेल याची सोडत प्रत्येक पिल्लागणिक निघते. एका वेतात एक दाट कुरळं, एक नागमोडी केसांचं, एक केस गाळणारं निघू शकतं. दोन जाती मिसळल्या की रोग जातात, ही समजूतही मी बाळगून होते. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ मध्ये ९,४०२ कुत्र्यांची माहिती तपासली, त्यात कॉकापू, कॅव्हापू, लॅब्राडूडल आणि त्यांच्या मूळ जाती होत्या. बहुतेक आजारांत संकर आणि मूळ जाती यांच्यात फरक आढळला नाही. पूडलमधला डोळ्यांचा पडदा निकामी करणारा आनुवंशिक आजार, लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकणं, हे संकरालाही होतंच. म्हणून आईबापांच्या तपासण्या मागायच्या असतात.

मी त्या मागितल्या. ज्यांच्याकडे पिल्लू पाहायला गेले होते त्यांचं नाव इथे घेत नाही. खोली स्वच्छ होती, पिल्लं गोड होती. मी विचारलं, “इनकी माँ को देख सकते हैं?” उत्तर आलं, “माँ यहाँ नहीं रहती मैडम, फार्म पे है. वीडियो भेज दूँगा.” व्हिडिओ आला नाही. पिल्लं किती दिवसांची, तर “पैंतीस-चालीस दिन”. मी घरी येऊन नियम वाचले. २०१७ सालचे केंद्र सरकारचे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिच्याकडून पैदास करता येत नाही आणि तिच्या आयुष्यात पाचांहून जास्त वेतं घेता येत नाहीत. आठ आठवडे हा आकडा कोणाच्या लहरीने आलेला नाही. तेवढ्या काळात पिल्लू भावंडांशी खेळताना चावण्याचा जोर किती ठेवायचा हे शिकतं, आईजवळ घाबरायचं कशाला आणि कशाला नाही हे शिकतं. फार लवकर तोडून, गाडीत घालून दहा ठिकाणी फिरवलेलं पिल्लू पार्व्होच्या संसर्गाने आठवड्यात जाऊ शकतं. केनेल क्लब ऑफ इंडिया संकरांची नोंद करत नाही, त्यामुळे माल्टिपूचे ‘पेपर’ देतो म्हणणाऱ्याकडून पिल्लू न घेणंच बरं.

त्या रात्री मला पिल्लापेक्षा त्याची आई दिसत राहिली. मी तिला पाहिलेलं नाही. ती कुठे असेल, पिंजऱ्यात की मोकळी, दुसऱ्यांदा व्यायली की सातव्यांदा, मला काहीच माहीत नाही. पण माझे पैसे गेले की ती पुन्हा लावली जाणार, एवढं मला नक्की माहीत आहे. पिल्लावर दया येऊन ते विकत घेतलं, असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांचा कळवळा खरा असतो. मला एवढंच समजतं की रिकाम्या झालेल्या जागेत पुढचं पिल्लू येतं आणि ते त्याच मादीचं असतं. ज्या दिवशी एखादा पैदास करणारा मला आईसमोर बसू देईल, तिची अंगकाठी, तिचा स्वभाव, तिची डोळ्यांची तपासणी दाखवेल, आणि माझ्या घरी कोण किती वाजता असतं हे मला उलट विचारेल, त्या दिवशी विचार करायला माझी हरकत नाही.

तो प्रश्न अजून मला कोणीच विचारला नाही, म्हणून मीच विचारते. हे सकाळी पीथमपूरला जातात, अंधार पडल्यावर येतात. मी दिवसभर कॉलेजात. आमचं दार सात-आठ तास बंद असतं. पूडल हा मुळात पाण्यात उडी मारून मारलेली बदकं आणून देणारा शिकारी कुत्रा, चलाख आणि माणसाच्या हुकमाकडे डोळे लावून बसणारा. माल्टीज शेकडो वर्षं माणसाच्या मांडीवर वाढलेला. या दोघांच्या पोटच्या जिवाला बंद फ्लॅटमध्ये एकटं ठेवायचं, खाली भंवरकुआंचे हॉर्न, दिवाळीत फटाके, मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीतून येणारी चाळिशीपारची धग. मग तो भुंकणार, दार खरवडणार, स्वतःचे पंजे चाटत बसणार. आणि संध्याकाळी मी दमून आले की माझ्यावर झेप घेणार.

त्या झेपेसाठीच तर मला तो हवा होता. मुलगी पुण्याला गेल्यापासून संध्याकाळी कुलूप उघडलं की आतून कोणाचा आवाज येत नाही. तिच्या खोलीतला दिवा मी उगाच लावते. माझी वाट बघणारं कोणीतरी असावं, ही माझी गरज आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. पण माझा एक तास भरून निघावा म्हणून दुसऱ्या जिवाने आठ तास रिकामे काढायचे, हा सौदा मी कोणत्या तोंडाने करू? एकटेपणा काय असतो ते मला माहीत आहे, म्हणूनच तो दुसऱ्याला देताना मला जास्त विचार करायला हवा.

जेवताना हे सगळं ह्यांना सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “शिंकांचं बघू. पण मला कुत्रा हवा आहे का, हे तू एकदाही विचारलं नाहीस.” खरंच विचारलं नव्हतं. विचारलं. म्हणाले, हवा आहे, पण सकाळी पाचला फिरवणं दोघांनी वाटून घ्यायचं, आणि उन्हाळ्यात डांबर तापायच्या आत परत यायचं. इतकी वर्षं एकत्र काढून मला हे माहीत नव्हतं की त्यांच्या लहानपणी देवासच्या वाड्यात कुत्रा होता आणि तो गेल्यावर त्यांनी पुन्हा कधी नाव काढलं नाही.

आता असं ठरलं आहे. विक्रेत्याला नाही कळवलं. ह्यांनी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. दिवाळीच्या सुट्टीत मैत्रीण नागपूरला जाणार आहे, तेव्हा तिचा माल्टिपू आमच्याकडे राहील. त्या दिवसांत फणी मी धरणार, पाचला हे उठणार, आणि मी मुद्दाम काही तास दार बंद करून बाहेर जाऊन येणार, शेजारच्या काकूंना कान देऊन ठेवायला सांगून. मुलीला फोनवर हा बेत सांगितला. ती म्हणाली, “आणि नाही जमलं तर?” मी म्हटलं, मग माझी निवृत्ती होईपर्यंत थांबू, आणि तेव्हाही हातांना फणी धरवेल की नाही ते बघून, आखूड केसांचं एखादं पिल्लू रस्त्यावरून घेऊ.